नवी शाखा काढण्याआधी: कुटुंबाच्या मोटार डीलरशिपने काय तपासावे

नागपुरातल्या वर्धा मार्गावरचे शोरूम नीट चालू लागले की चंद्रपूर, यवतमाळ किंवा गोंदियाला शाखा काढण्याची चर्चा घरात सुरू होते. त्याआधी एका सकाळी यार्डात जावे आणि प्रत्येक गाडीच्या चेसिस क्रमांकापुढे कंपनीचे बिल होऊन किती दिवस झाले, हे स्वतः लिहून काढावे. यार्डातली गाडी बहुधा बँकेच्या पैशावर उभी असते. १० लाखांच्या गाडीवर १० टक्के दराने दिवसाला सुमारे २७४ रुपये व्याज चढते, म्हणजे ६० दिवसांत १६,००० रुपयांहून अधिक. ती खपवण्यासाठी द्यावी लागणारी सूट वेगळीच. दसऱ्यासाठी साठा करणे योग्यच आहे, परंतु केवळ कंपनीचे लक्ष्य गाठून इन्सेंटिव्ह मिळवण्यासाठी महिनाअखेरीस उचललेल्या गाड्या ३१ डिसेंबर उलटताच 'मागच्या वर्षाच्या' ठरतात आणि मिळालेला इन्सेंटिव्ह त्यांच्यातच जिरतो.

गाडी विकली गेली की तिच्यावरचे कर्ज लगेच फेडावे. माझ्या मते घसरण इथूनच सुरू होते: विकलेल्या गाडीचे पैसे नव्या शाखेच्या बांधकामात जातात, मग ग्राहकाने आरटीओ करासाठी आणि विम्यासाठी भरलेली रक्कम पगाराला वापरली जाते, आणि गाडी दारात असूनही नोंदणी न झालेला माणूस रोज हेलपाटे घालत राहतो. या रकमांसाठी स्वतंत्र बँक खाते ठेवावे. ते पैसे आपले नव्हेत.

शाखेचे भाडे आणि पगार वर्कशॉपच्या उत्पन्नातून किती भागतात, हेही पाहावे, कारण विक्री थांबली तरी सर्व्हिसिंग चालूच राहते.

सगळी शोरूम एकाच कंपनीच्या भरवशावर नसावीत. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातील विक्री थांबवली आणि फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. डीलरचा जागेचा करार मात्र कंपनी गेली म्हणून संपत नाही.

शेवटी घरातले कागद पाहावेत. भागीदारी कायदा, १९३२ नुसार करारात वेगळी तरतूद नसेल, तर भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. म्हणून वडील हयात असतानाच भावांनी करारपत्र सुधारून घ्यावे, आणि बँकेने राहते घर तारण मागितल्यास, आई व सुनांसह सर्वांना यार्डातले आकडे दाखवल्याखेरीज कोणाचीही सही घेऊ नये.