नदीकाठी काहीच दिसत नाही? या चुका टाळा

वसंतात शहरातल्या नदीकाठच्या पायवाटेवर तासभर फिरायचं आणि चार कावळे, दोन पारवे पाहून परतायचं, असं तुमचंही होतं का? घोटाळा बहुतेक वेळा चालण्याच्या वेगात असतो. खंड्या काठच्या फांदीवर बसून पाण्याकडे टक लावून असतो. भरभर चालत गेलात, तर पाठमोरी निळी रेघ तेवढी दिसेल. नदीचं वळण, ओढा येऊन मिळतो ती जागा किंवा पूल गाठा आणि तिथे वीस मिनिटं नुसतं उभं राहा. पुलाखाली तर नक्की डोकवा, भिंगरी पक्ष्यांची चिखलाची घरटी तिथेच असतात.

दुसरी चूक वेळेची. पक्षी सूर्योदयानंतरच्या दोनेक तासांत जास्त बोलतात, वावरतात. फुलपाखरांचं तसं नाही. अंग उन्हात तापल्याशिवाय त्यांना नीट उडताच येत नाही. डँडेलियनसारखी फुलंही उन्हात उमलतात, ढगाळ हवेत मिटतात. म्हणून जाताना पक्षी पाहा आणि ऊन चढल्यावर परतताना फुलं.

सगळे पक्षी काळेच दिसतात? सूर्य समोर आहे आणि पाण्यावरची चकाकी डोळ्यांत जातेय. सकाळी ऊन पाठीवर येईल तो काठ धरा. दुर्बीण १२ पटींची घेतली, तर हात हलला की पक्षीही हलतो. ८×४२ पुरे, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची. पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची, एवढं जमलं की निम्मं काम झालं.

फुलांचं नाव सापडत नाही, कारण फोटो फक्त वरून काढलेला असतो. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, खोडावर लव आहे का, फुलाची मागची बाजू कशी आहे, हे सगळं टिपा. मग अ‍ॅपने सुचवलेलं पहिलंच नाव निमूटपणे मान्य करावं लागत नाही. आणि शहरी काठावरचं प्रत्येक फूल ‘रानफूल’ नसतं. बरीचशी बागेतून निसटलेली असतात. जलपर्णीची जांभळट फुलं सुंदर दिसतात खरी, पण ती मूळची दक्षिण अमेरिकेतली, आणि अनेक नद्यांचा श्वास कोंडणारी.

आता खरोखर नुकसान करणाऱ्या चुका. जमिनीवर पिसं फुटलेलं पिल्लू दिसलं की लोक ते घरी नेतात. ते बहुधा उडायला शिकत असतं, आईबाप जवळपासच असतात. मांजर किंवा रहदारीचा धोका असेल, तर उचलून शेजारच्या झुडपात ठेवा. माणसाचा वास लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकत नाहीत. टिटवी डोक्यावर आरडाओरडा करत घिरट्या घालू लागली, तर फोटोसाठी पुढे सरकू नका. तिची अंडी खडकाळ जमिनीवर उघड्यावर असतात आणि दगडांत इतकी मिसळतात की पाय पडेपर्यंत कळत नाही. आलात त्याच वाटेने मागे फिरा. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं तर मला मुळीच पटत नाही. हद्दीत प्रतिस्पर्धी आला असं समजून नर दाणापाणी सोडून भांडायला धावतो.

काठच्या गवतावर चतुराची रिकामी कात चिकटलेली दिसली, तर आसपास नीट पाहा. नुकताच बाहेर पडलेला चतुर फिकट रंगाचा, मऊ पंखांचा असतो. त्याला बोट लावू नका. पंख एकदा वाकडे वाळले की त्याला पुन्हा उडता येत नाही.