विषाणू पेशीत कुठवर पोहोचला, हे कसं बघायचं

दर उन्हाळ्यात एमएस्सीच्या प्रोजेक्टला येणाऱ्या मुलांना मी हे सगळं तोंडी सांगते. यंदा लिहूनच काढलं, तेवढाच घसा वाचेल.

विषाणू घ्यायचा ॲडिनोव्हायरस: वाढीसाठी लागणारा ई1 जनुकांचा भाग काढून टाकलेला आणि कवचावर हिरवा फ्लोरोसंट रंग चढवलेला. तो पेशीत शिरतो, पण वाढत नाही. (तरीही काम बीएसएल-2 कॅबिनेटमध्येच, म्हणजे जंतू हाताळायच्या सुरक्षित कपाटात. ‘एवढ्याने काय होतंय’ हे माझ्यासमोर म्हणायचं नाही.) पुणेकरांना त्याची भावकी परकी नाही. सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली कोविशील्ड म्हणजे चिंपांझीचा, वाढू न शकणारा ॲडिनोव्हायरसच. दंडात सुई टोचल्यावर आत जे घडलं, साधारण तेच इथे काचेवर बघायचंय.

आधी वाट समजून घ्या. विषाणू पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला चिकटतो, पेशी त्याला पिशवीत गुंडाळून आत ओढते, ती पिशवी म्हणजे एंडोसोम. तिथेच कवचाचे काही तुकडे गळतात, त्यातलं एक प्रथिन पिशवी फाडतं आणि विषाणू बाहेर पडतो. पुढे मात्र तरंगत जाऊन भागत नाही. हा कण 90 नॅनोमीटरचा आणि पेशीचा आतला भाग प्रथिनांनी खच्चून भरलेला. म्हणून तो डायनीनला चिकटतो. डायनीन हे पेशीचाच माल वाहणारं मोटर प्रथिन. ते 25 नॅनोमीटर जाडीच्या मायक्रोट्यूब्यूलवरून, म्हणजे पेशीतल्या नळीसारख्या रस्त्यांवरून, केंद्रकाच्या दिशेने चालतं. कायनेसिन हे दुसरं मोटर प्रथिन बहुतेक वेळा उलट्या दिशेने ओढतं. त्यामुळे लाइव्ह व्हिडिओत विषाणूचे हिरवे ठिपके पुढे-मागे करताना दिसले तर गडबडू नका, ते तसंच असतं.

आता प्रत्यक्ष काम. ए549 या माणसाच्या फुप्फुसाच्या पेशी कव्हरस्लिपवर (पातळ काचेवर) आदल्या दिवशी लावा, विरळ. एकमेकींवर चढलेल्या पेशींत काहीच मोजता येत नाही. प्लेट बर्फावर ठेवून थंड विषाणू घाला आणि तासभर थांबा. थंडीत विषाणू चिकटतो, पण आत जात नाही. सगळे एकाच रेषेवर उभे राहतात. यासाठी मीडिया (पेशींचं पोषक द्रव) हेपेसवाला घ्या, हेपेस पीएच धरून ठेवतं. नेहमीचा मीडिया इनक्युबेटरबाहेर, कार्बन डायऑक्साइडविना, जांभळट गुलाबी व्हायला लागतो. म्हणजे पीएच चढला, म्हणजे तुमचा शून्य मिनिट बिघडला. मग थंड मीडियाने तीनदा धुवा, 37 अंशांचा मीडिया घाला आणि घड्याळ लावा: 0, 5, 15, 30, 60, 90 मिनिटं. प्रत्येक वेळेची कव्हरस्लिप 4 टक्के पीएफएमध्ये (पॅराफॉर्मल्डिहाइड) फिक्स करा, म्हणजे पेशी आहेत तशा गोठतात.

एक गोष्ट पुस्तकात पटकन सापडत नाही: थंडीत मायक्रोट्यूब्यूलही मोडतात. ऊब मिळाली की काही मिनिटांत पुन्हा उभे राहतात, पण 5 मिनिटांच्या कव्हरस्लिपवर ते अर्धवट दिसले तर ते रंगवणाऱ्या अँटिबॉडीला दोष देऊ नका.

नोकोडाझोलचा कंट्रोल (तुलनेसाठीचा प्रयोग) वगळायचा नाही. हे औषध मायक्रोट्यूब्यूल मोडून ठेवतं. धुताना आणि नंतरच्या मीडियातही ते असू द्या, नाहीतर ऊब मिळताच रस्ते परत तयार होतात. रस्ता नसताना ठिपके बाहेरच्या भागात विखुरलेले राहिले, तरच ‘विषाणू मायक्रोट्यूब्यूलवरून गेला’ असं म्हणायची परवानगी. हे नसेल तर तुमच्याकडे फक्त छान फोटो आहे.

ट्यूब्यूलिन (मायक्रोट्यूब्यूलचं प्रथिन) आणि केंद्रक रंगवून कव्हरस्लिप स्लाइडवर पालथी घाला. मधला माउंटंट (काच चिकटवायचं द्रव) न सुकणारा असेल तर कडेने नेलपॉलिश. तुळशीबागेतली स्वस्तातली चालते, मात्र पारदर्शकच आणा. रंगीत पॉलिश स्वतःच चमकून फोटोची वाट लावते.

कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर सगळे फसतात ते इथे. वरून बघितलं तर केंद्रकाच्या डोक्यावर, पेशीच्या छतावर चिकटून बसलेला विषाणूही ‘केंद्रकाशी पोहोचला’ असाच दिसतो. झेड-स्टॅक (वरपासून खालपर्यंत थराथरांचे फोटो) घ्या आणि पेशी बाजूने कापल्यासारखी बघा. शिवाय अँटिबॉडी आत जावी म्हणून पेशींना छिद्रं पाडतात, काही कव्हरस्लिपांवर त्याआधीच कवचाविरुद्धची अँटिबॉडी लावा. तिचा लाल रंग ज्या हिरव्या ठिपक्यावर चढला, तो अजून बाहेरच आहे, मोजणीतून काढा. आणि ठिपक्याच्या आकारावरून विषाणूचा आकार सांगू नका. साध्या कॉन्फोकलला 200 नॅनोमीटरच्या आतलं वेगळं दिसत नाही, दोन कण मिळून एक ठिपका होतो.

मोजणी फिजी या फोटो मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये, ते फुकट आहे. प्रत्येक ठिपक्याचं केंद्रकाच्या कडेपासूनचं अंतर घ्या. फाइलींची नावं मित्राला बदलून द्यायला सांगा, कुठली 60 मिनिटांची आणि कुठली नोकोडाझोलची हे मोजताना कळता कामा नये. सगळं नीट झालं असेल तर 15 मिनिटांना बरेच कण एंडोसोममधून सुटलेले असतात आणि तासाभरात केंद्रकाभोवती गर्दी दिसते.

90 मिनिटांच्या फोटोबद्दल मात्र जपून बोला. 90 नॅनोमीटरचं कवच केंद्रकाच्या छिद्रातून आत जात नाही. ते दाराशीच फुटतं आणि डीएनए तेवढा आत सरकतो. तुमचा रंग कवचावर आहे, तेव्हा कडेला चमकतायत ती बरीचशी टरफलं. डीएनए दाखवायचा असेल तर विषाणू वाढवतानाच त्यात खूण केलेला न्यूक्लिओसाइड मिसळावा लागतो, आणि ते दोन महिन्यांच्या प्रोजेक्टात बसत नाही.