कर्ज फिटले, तरी क्रेडिट रिपोर्टमध्ये चालूच: विलंब ओळखावा कसा आणि चूक दुरुस्त करून घ्यावी कशी

कर्जाचा शेवटचा हप्ता भरला, बँकेने ‘नो ड्यूज’ (काहीही बाकी नसल्याचा दाखला) दिले आणि तरीही क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे आपण कर्जे कशी फेडली याच्या अहवालात, ते खाते चालू दिसते, किंवा एका कंपनीच्या रिपोर्टमध्ये बंद आणि दुसरीच्या रिपोर्टमध्ये थकीत दिसते, ही तक्रार इंदूरच्या मराठी घरांतून आता वरचेवर ऐकू येते. अशा वेळी बहुतेक जण थेट शाखेत खेटे घालू लागतात आणि काउंटरवर ‘होऊन जाईल’ एवढेच उत्तर घेऊन परततात. त्याआधी एकच प्रश्न सोडवावा: दिसणारा फरक हा नियमात बसणारा उशीर आहे, की खरोखरची चूक आहे? उशिरासाठी थांबावे लागते आणि चुकीसाठी लेखी तक्रार करावी लागते. या दोहोंची गल्लत झाली की महिने वाया जातात.

लोक सरसकट ‘सिबिल’ म्हणत असले तरी भारतात हे रिपोर्ट तयार करणाऱ्या चार क्रेडिट कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्या २००५ च्या क्रेडिट माहिती कंपन्यांविषयीच्या कायद्यानुसार चालतात. तुम्ही हप्ता भरला की नाही हे त्यांना स्वतःहून कळत नाही. बँक किंवा वित्त कंपनी जी माहिती पाठवते, तीच त्या नोंदवतात, आणि कर्ज देणाऱ्या संस्थेच्या दुजोऱ्याशिवाय त्यात बदल करत नाहीत. म्हणून दुरुस्तीची खरी किल्ली कर्ज देणाऱ्याकडेच असते.

आता उशिराचा हिशेब पाहू. पूर्वी बँका ही माहिती महिन्यातून एकदा पाठवत असत. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ जानेवारी २०२५ पासून ती किमान पंधरवड्याने, म्हणजे १५ तारखेची आणि महिनाअखेरची स्थिती धरून, पाठवावी लागते. पंधरवडा संपल्यावर बँकेला त्यासाठी सात दिवस मिळतात आणि माहिती हाती आल्यावर ती नोंदवून घेण्यासाठी क्रेडिट कंपनीला पाच दिवस मिळतात. समजा, तुम्ही ३ जुलैला कर्ज फेडले. ती फेड १५ जुलैच्या माहितीत जाईल, बँक ती २२ जुलैपर्यंत पाठवेल आणि रिपोर्टमध्ये ती २७ जुलैपर्यंत उमटेल. म्हणजे कोणाचीही चूक नसताना चोवीस दिवस जुनेच चित्र दिसू शकते. माझ्या मते फेडीनंतर महिनाभर थांबून मगच रिपोर्ट काढणे शहाणपणाचे आहे. त्या आधी तक्रार केली, तर ती निकाली निघेपर्यंत नोंद आपोआपच बदललेली असते.

क्रेडिट कार्डाच्या बाबतीत हाच हिशेब थोडा फसवा ठरतो. बिल १२ तारखेला निघाले आणि तुम्ही ते मुदतीत, २८ तारखेला, पूर्ण भरले, तरी १५ तारखेच्या स्थितीत पूर्ण थकबाकी दिसणारच. ही चूक नव्हे. गृहकर्जासाठी अर्ज करायचा असेल, तर बिलाची अंतिम तारीख न पाहता १४ तारखेच्या आतच कार्डाची बाकी भरावी, म्हणजे वापरलेली मर्यादा कमी दिसेल.

महिना उलटूनही फरक राहिला, तर चारही कंपन्यांचे रिपोर्ट एकाच दिवशी काढावेत. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा स्कोअरसह (नोंदींवरून काढलेल्या पत-गुणांसह) पूर्ण रिपोर्ट विनामूल्य द्यायचा असतो, आणि स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर घटत नाही. चारही स्कोअर वेगवेगळे आले तर घाबरू नये, कारण प्रत्येक कंपनीचे गणित निराळे असते. तक्रार स्कोअरबद्दल करायची नसून त्यामागच्या नोंदींबद्दल करायची असते. रिपोर्टवरचा कंट्रोल क्रमांक, म्हणजे त्या रिपोर्टचा ओळख क्रमांक, लगेच टिपून ठेवावा, कारण तक्रार नोंदवताना तो विचारतात.

रिपोर्ट वाचायला बसल्यावर स्कोअरकडे न वळता आधी नाव, जन्मतारीख, पॅन आणि पत्ता तपासावा. इंदूरमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाची निम्मी डोकेदुखी इथेच असू शकते. वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये लिहिण्याची आपली रीत मध्य प्रदेशात रूढ नाही. त्यामुळे पॅनवर तीन शब्दांचे नाव, बँकेच्या फॉर्मवर दोन शब्दांचे, आणि गॅसच्या किंवा विजेच्या बिलावर आडनावाचे भलतेच स्पेलिंग, असा प्रकार होऊ शकतो. लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रीचे पॅन माहेरच्या नावाने आणि खाते सासरच्या नावाने राहिले, तर तिची कर्जे दोन वेगळ्या व्यक्तींच्या रिपोर्टमध्ये विभागली जाण्याचा धोका असतो. त्याउलट, एकसारखे नाव आणि एकच पत्ता असलेल्या बापलेकांच्या किंवा चुलतभावांच्या नोंदी एकमेकांत मिसळू शकतात. असे आढळल्यास कर्जाच्या नोंदीवर वाद घालण्याआधी बँकेत केवायसी (ओळख आणि पत्त्याची नोंद) दुरुस्त करून घ्यावे, नाहीतर दुरुस्त केलेली नोंद पुढच्या पंधरवड्यात पुन्हा बिघडू शकते.

त्यानंतर एकेक खाते घ्यावे. प्रत्येक खात्याखाली छत्तीस महिन्यांपर्यंतचा परतफेडीचा तक्ता असतो. त्यात ‘०००’ असेल तर त्या महिन्यात काही थकले नव्हते. ‘०३०’ सारखा आकडा असेल तर तितके दिवस हप्ता थकला होता. आणि ‘एक्सएक्सएक्स’ असेल तर बँकेने त्या महिन्याची माहितीच पाठवली नव्हती. हा तक्ता बँकेच्या खातेउताऱ्याशी महिनावार ताडून पाहावा. खाते बंद झाल्याची तारीख, शिल्लक रक्कम आणि स्थिती या तीन जागा विशेष लक्ष देऊन वाचाव्यात: ‘क्लोज्ड’ आणि ‘सेटल्ड’ यांत मोठे अंतर आहे, कारण ‘सेटल्ड’ म्हणजे बँकेने ठरलेल्यापेक्षा कमी रक्कम घेऊन खाते मिटवले. पूर्ण रक्कम भरूनही ‘सेटल्ड’ लिहिले असेल, तर ती नक्कीच चूक आहे. खरोखरच तडजोड केली असेल, तर मात्र उरलेली रक्कम भरून नवा दाखला घेतल्याशिवाय ती नोंद बदलण्याची अपेक्षा ठेवू नये. पुतण्याच्या किंवा मित्राच्या कर्जाला जामीन राहिलात, तर ते कर्जही तुमच्या रिपोर्टमध्ये दिसते, ही गोष्ट अनेकांच्या उशिरा लक्षात येते.

बँकांच्या विलीनीकरणाने आणखी एक घोळ होऊ शकतो. आपल्या शहराची स्टेट बँक ऑफ इंदूर २०१० मध्ये भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली, आणि त्या सुमारास वीस वर्षांच्या मुदतीने घेतलेली गृहकर्जे आता फिटत आली आहेत. कोणत्याही विलीन झालेल्या बँकेच्या बाबतीत मूळ करारावर एक खाते क्रमांक आणि रिपोर्टमध्ये दुसरा असू शकतो. एकच कर्ज दोनदा दिसते आहे का, हे मंजुरीची तारीख आणि रक्कम जुळवून पाहावे. पतपेढीच्या कर्जाचे मात्र निराळे आहे: पतपेढी म्हणजे बँक नव्हे, त्यामुळे तिथली वक्तशीर फेड रिपोर्टमध्ये दिसेलच असे गृहीत धरू नये.

चूक निश्चित झाली की तक्रार दोन्हीकडे एकाच दिवशी करावी: क्रेडिट कंपनीच्या संकेतस्थळावर, आणि कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार निवारण विभागाकडे ईमेलने. शाखेत द्यायचीच असेल, तर अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यावी. तोंडी सांगितलेल्या तक्रारीचा दिवस पुढे सिद्ध करता येत नाही. अर्जात कर्जाचा इतिहास लिहीत बसू नये. ‘अमुक क्रमांकाचे खाते अमुक तारखेला पूर्ण भरणा करून बंद झाले असून रिपोर्टमध्ये ते चालू आणि शिल्लक इतकी दाखवले आहे, कृपया स्थिती बंद व शिल्लक शून्य अशी दुरुस्ती चारही कंपन्यांकडे पाठवावी’ एवढे पुरते. सोबत नो ड्यूज दाखला, शेवटच्या भरण्याचा उतारा आणि रिपोर्टचे ते पान जोडावे. ‘चारही कंपन्यांकडे’ हे शब्द गाळू नयेत, नाहीतर ज्या एका रिपोर्टबद्दल विचारणा झाली तेवढाच दुरुस्त होण्याची शक्यता असते.

तक्रारीला तीस दिवसांची मुदत आहे. त्यातले एकवीस दिवस बँकेला दुरुस्त माहिती पाठवण्यासाठी असतात. २६ एप्रिल २०२४ पासून लागू असलेल्या नियमानुसार तीस दिवसांत तक्रार सुटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. पंचेचाळिसाव्या दिवशी निकाल लागला, तर १५ दिवसांचे १,५०० रुपये होतात. उशीर बँकेचा असेल तर बँक आणि क्रेडिट कंपनीचा असेल तर ती कंपनी ही रक्कम देते. स्कोअर कसा काढला, याबद्दलच्या तक्रारीला मात्र ही भरपाई लागू नाही. बँकेने दुरुस्ती नाकारली, तर तिने कारण कळवणे बंधनकारक आहे. ते लेखी मागावे.

तीस दिवस उलटून उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते, आणि १ सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट कंपन्याही त्या कक्षेत आल्या आहेत. त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवावी किंवा १४४४८ या क्रमांकावर माहिती घ्यावी. त्यासाठी भोपाळच्या रिझर्व्ह बँक कार्यालयात हेलपाटा घालण्याची गरज नाही.

दरम्यान नव्या कर्जाची घाई असेल, तर पाच ठिकाणी अर्ज टाकू नयेत, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टमध्ये नोंदली जाते. ज्या एका बँकेकडून कर्ज हवे आहे, तिच्या अधिकाऱ्याला नो ड्यूज दाखला आणि तक्रार क्रमांक सुरुवातीलाच दाखवावा. ‘सिबिल आठ दिवसांत साफ करून देतो’ अशा जाहिराती करणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नयेत. तोही हीच विनामूल्य तक्रार तुमच्या नावाने करतो, आणि त्यासाठी तुमचे पॅन आणि ओटीपी त्याच्या हाती जातात. दुरुस्ती झाल्याचा संदेश आल्यावर एक पूर्ण पंधरवडा जाऊ द्यावा आणि मग चारही रिपोर्ट पुन्हा तपासावेत. विनामूल्य संधी वर्षातून एकदाच असल्याने, या फेरीसाठी एखाद्या कंपनीचे शुल्क भरावे लागले तरी ते भरावे.