जुना फिल्म कॅमेरा घरी उघडताय? आधी या चुका टाळा

नाशिकच्या बुधवारच्या बाजारात गंगाघाटावर पितळी भांडी, बंद घड्याळं आणि रेडिओच्या पसाऱ्यात अजूनही एखादा यशिका किंवा आग्फा क्लिक थ्री सापडतो. त्याहून जास्त कॅमेरे निघतात ते माळ्यावरच्या ट्रंकेतून आणि लोखंडी कपाटातून. खटका दाबला की शटर उघडत नाही, किंवा उघडलं तर मिटत नाही, आणि माणूस लगेच ठरवून टाकतो की आतली स्प्रिंग तुटली. बहुतेक वेळा आत काहीच तुटलेलं नसतं. चाळीस-पन्नास वर्षांत वंगण सुकून राळेसारखं घट्ट झालेलं असतं, प्रकाश अडवणाऱ्या फोमचं डांबर झालेलं असतं, सेल गळून पट्टीवर पांढरा-हिरवा थर चढलेला असतो. यात जे साचलंय ते काढायचं काम असतं. लोक मात्र घालत बसतात: तेल घालतात, गोंद घालतात, जोर लावतात. चांगले कॅमेरे मरतात ते इथेच.

शटरमध्ये तेल सोडणं

या एका चुकीने जेवढे कॅमेरे गेले, तेवढे पडून-आपटूनही गेले नसतील.

यशिका-मॅट, यशिका इलेक्ट्रो, कॅनोनेट, आग्फाचे घडीचे कॅमेरे यांचं शटर लेन्सच्या पोटात असतं. अगदी पातळ पोलादी पाकळ्या एकमेकींवर सरकत उघडतात आणि मिटतात. या पाकळ्या कोरड्या ठक्क लागतात. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवून सरकवून पाहा, किती जोर लागतो ते कळेल. पाकळ्यांना हलवणारी स्प्रिंग केसाएवढी असते, तिला तेवढा जोर कुठून येणार?

पंचवटीतल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतला यशिका-मॅट १२४ जी हे याचं ठळक उदाहरण. शटर १/३० सेकंदाच्या खालच्या, म्हणजे हळू, वेगांना रेंगाळत होतं, एवढंच दुखणं. घरातल्या एका तरुणाने समोरची भिंगं काढली आणि शिलाई मशीनच्या तेलाचे तीन थेंब सोडले. त्या संध्याकाळी शटर सगळ्या वेगांवर खटाखट चाललं. फसवणूक होते ती इथेच. तेलाने आधी जुना चिकटा सैल केला, मग त्यात मिसळून ते पाकळीपाकळीत पसरलं. आठवड्याने पाकळ्या अर्ध्यावर थांबल्या. मग नळीच्या डब्यातून गंजावरचा फवारा मारला गेला. तो पाकळ्यांमधून पार होऊन मागच्या भिंगाच्या आतल्या बाजूवर बसला. तरी शटर हलेना, म्हणून फिल्मची क्रँक जोराने फिरवली, आणि शटर ताणणारा आतला दांडा वाकला.

उघडल्यावर आत काळी पेस्ट होती. हळू वेगांच्या दातेरी चाकांत ती भरली होती, प्रकाशाचं छिद्र लहान-मोठं करणाऱ्या ॲपर्चरच्या पाकळ्यांवर होती, भिंगावर तेलाचं धुकं होतं. दोन-तीन हात पुसून संपलं असतं त्या कामाला नऊ हात लागले. दांडा सरळ झाला, पण पोलाद एकदा वाकून सरळ केलं की पुन्हा त्याच जागी वाकतं. त्या कॅमेऱ्याची क्रँक आता कायम जपून फिरवावी लागणार.

योग्य पद्धत सोपी आहे, फक्त चिकाटी लागते. लायटरमध्ये भरायचं पेट्रोल घ्या, म्हणजे नॅफ्था. लायटरचा गॅस नको आणि पंपावरचं पेट्रोलही नको, कारण त्यात मिसळलेली द्रव्यं वाळल्यावर थर सोडतात. खिडक्या उघडा. देवापुढचा दिवा आणि स्वयंपाकघरातली शेगडी दोन्ही बंद असू द्या, नॅफ्थाची वाफ पटकन पेट घेते. पुढची भिंगं काढा, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवा. कापसाच्या काडीवर दोन थेंब घेऊन पाकळ्यांवर फिरवा, दहा-पंधरा वेळा खटका दाबा आणि ओल असतानाच कोरड्या काडीने टिपून घ्या. नवखे नेमके हे टिपणं सोडतात. नॅफ्था तेल विरघळवतो, नाहीसं करत नाही. तो उडून गेला की विरघळलेलं तेल पुन्हा पाकळ्यांवरच बसतं. काडी स्वच्छ निघेपर्यंत हेच करायचं. मग मागच्या बाजूनेही करायचं.

मग कॅमेरा रात्रभर तसाच ठेवा. खरी परीक्षा सकाळचा पहिला खटका. सलग वीस वेळा दाबलं की चिकट शटरसुद्धा सैल होऊन चालायला लागतं. विश्रांतीनंतरचा पहिला खटका खोटं बोलत नाही. वेग तपासायला फोनचं स्लो-मोशन पुरतं: सेकंदाला २४० फ्रेम घेणाऱ्या फोनवर १ सेकंदाचं शटर २४० फ्रेम उघडं दिसलं पाहिजे, १/३० चं ८ फ्रेम. १/६० च्या वरच्या वेगांसाठी या मोजणीवर विसंबू नका, फ्रेमच उरत नाहीत.

सेल्फ टायमरला हात लावू नका. त्याची चाकं सगळ्यात आधी अडकतात आणि अर्ध्यावर अडकला तर अख्खं शटर बंद पाडतो.

चुकीचा स्क्रूड्रायव्हर

जपानी कॅमेऱ्यांतल्या स्क्रूवरची अधिकची खूण आपल्या नेहमीच्या फिलिप्ससारखी दिसते, पण ती जेआयएस, म्हणजे जपानी प्रमाण मापाची असते. फिलिप्सचं टोक तिच्या तळापर्यंत बसत नाही, फिरवताना वर चढतं आणि खाच गोल करून टाकतं. एमजी रोडवर मिळणारे मोबाइलचे किट मोबाइलसाठी ठीक आहेत. कॅमेऱ्यासाठी जेआयएस ० आणि ०० अशी दोन चांगली टोकं घ्या. स्क्रू हलला नाही तर त्याला लाखेसारखं सीलिंग लावलेलं असणार: टाचणीच्या टोकाने ॲसिटोनचा एक थेंब, पाच मिनिटं थांबा, मग फिरवताना लावाल त्याहून दुप्पट जोर खाली दाबण्यात लावा. ॲसिटोन प्लास्टिकवर किंवा रंगावर सांडला की डाग कायमचा. आणि लिव्हरवरचा एखादा स्क्रू काही केल्या सुटत नसेल तर उलट्या आट्यांचा असू शकतो, तोडायच्या आधी दुसऱ्या बाजूला फिरवून बघा.

थर्माकोलच्या तुकड्यावर कॅमेऱ्याची बाह्यरेषा काढायची आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच जागी खुपसायचा. वाटीत गोळा केलेले स्क्रू सारखे दिसतात, पण अर्ध्या मिलिमीटरने लांब असलेला एकच स्क्रू चुकीच्या जागी गेला तर खालच्या चाकाला टेकून कॅमेरा जाम करतो.

लेन्सवरची कडी काढायला कंपास किंवा कात्री वापरू नका. घसरली की ओरखडा सरळ भिंगावर. नाव लिहिलेली पुढची कडी रबराच्या बुचाने दाबून फिरवली की निघते, खाचांच्या कडीसाठी लेन्स स्पॅनर घ्या.

बुरशीला ऊन दाखवणं

नाशिकच्या पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, कपाटात ठेवलेल्या लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे येतात. मग कुणीतरी सांगतं की ऊन द्या. लेन्स गच्चीवर जाते, कुरडया-पापडांच्या शेजारी. दुपारभर तापल्यावर होतं काय, तर फोकस फिरवणाऱ्या आट्यांमधलं, म्हणजे हेलिकॉइडमधलं, ग्रीस पातळ होतं आणि त्यातलं तेल ॲपर्चरच्या पाकळ्यांवर येतं. बुरशीचे धागे आणि तिच्या आम्लाने काचेच्या लेपावर काढलेली खूण, दोन्ही जागच्या जागी राहतात. उन्हाने काच पुसली जात नाही. त्यात फेड किंवा झोर्कीसारखा सोव्हिएत बनावटीचा, कापडी पडद्याच्या शटरचा, आरसा नसलेला कॅमेरा झाकण न लावता उन्हात ठेवला, तर लेन्स भिंगाचं काम करते आणि पडद्याला भोक पडतं. मग प्रत्येक फोटोवर एकाच जागी पांढरा ठिपका.

बुरशी काढायची तर लेन्स उघडावी लागते, दुसरा रस्ता नाही. औषधाच्या दुकानात ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, त्यात तेवढंच डिस्टिल्ड पाणी घालून ३ टक्के करा. लेन्स टिश्यू ओलसर करून काचेवर पाच मिनिटं ठेवा, मधून कडेकडे गोल फिरवत पुसा. मग डिस्टिल्ड पाणी, शेवटी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपाइल अल्कोहोल. अल्कोहोल भिंगाच्या कडेच्या काळ्या रंगाला लागू देऊ नका, तो सुटतो. भिंग काढण्याआधी त्याच्या कडेवर पेन्सिलीने बाण काढा. दोन्ही बाजू फुगीर असलेलं भिंग उलटं बसलं तर ते लक्षात येतं थेट रोल धुऊन आल्यावर. चिकटवलेल्या जोडभिंगांच्या मधे बुरशी असेल तर तिथे थांबा, ते घरचं काम नाही. फोकसची हेलिकॉइड पूर्ण सोडवणार असाल तर दोन भाग वेगळे होतात त्या क्षणाची जागा दोन्हीवर कोरून ठेवा. तिला अनेक तोंडांचे आटे असतात, चुकीच्या तोंडात बसली तर फोकस अनंताला कधीच लागत नाही.

आणि मुळात ती बुरशी वाढते कुठे? कॅमेऱ्याबरोबर आलेल्या चामड्याच्या केसमध्ये. चामडं ओल धरून ठेवतं. केस वेगळी ठेवा. कॅमेरा घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सोबत २०० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं, पण त्यासाठी जुनी कढई कायमची वेगळी काढा, कारण निळ्या जेलमध्ये विषारी कोबाल्ट क्लोराइड असतं. तांदूळ घालू नका, त्यांची भुकटी लेन्समध्ये शिरते. डांबराच्या गोळ्या कसरीसाठी असतात, बुरशीसाठी नाहीत.

फोम, आरसा, सेल

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या एसएलआरचा, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याचा, फोम हात लावताच काळा चिकटा होऊन येतो. तो खरवडायला स्क्रूड्रायव्हर नको, बांबूची काडी आणि अल्कोहोल. कॅमेरा उलटा धरा म्हणजे कण आरशावर पडणार नाहीत. मागच्या झाकणाच्या खाचांत विणकामाची काळी ॲक्रिलिक लोकर एक पदर पुरते, बिजागराच्या बाजूला दीड-दोन मिलिमीटरचा फोम. जाड फोम भरून झाकण दाबून लावणारे झाकणाची कडी वाकवून बसतात. आरसा पुसू नका. त्याचा चकचकीत लेप काचेच्या वरच्या अंगाला असतो आणि कापसानेही ओरखडतो. धुळीसाठी रबरी फुंकणी पुरे.

गळालेला अल्कलाइन सेल अल्कधर्मी असतो, म्हणून पांढऱ्या व्हिनेगरने पुसा, मग अल्कोहोलने. तारेचं आवरण सोलून बघा. आतलं तांबं काळं-हिरवं झालं असेल तर तार बदला, गंज आवरणाखालून पुढे गेलेला असतो. १.३५ व्होल्टचे पाऱ्याचे सेल आता मिळत नाहीत. त्याजागी १.५ व्होल्टचा घातला तर प्रकाश मोजणाऱ्या बऱ्याच मीटरचा काटा जास्त दाखवतो आणि फोटो काळपट येतात. कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल रबरी कडी लावून बसवा. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकला हा प्रश्न नाही, त्याच्या मीटरमध्ये व्होल्टेजचा फरक सांभाळून घेणारं ब्रिज सर्किट आहे.

यशिका एमएफ-२ सारखा फ्लॅशवाला कॅमेरा उघडत असाल तर थांबा. सेल काढल्यावरही फ्लॅशच्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब राहू शकतो. आवरण घातलेल्या तारांनी १ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर लावून तो रिकामा करा, मल्टिमीटरने खात्री करा, मगच बोट घाला. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढणारे व्हिडिओ बघून हे करू नका.

चामड्यासारखं आवरण सुटलं तर फेविक्विक नको. त्याची वाफ व्ह्यूफाइंडरच्या काचेवर पांढरी साय धरते. फेविबॉण्डचा पातळ थर दोन्ही बाजूंना, दहा मिनिटं वाळू द्या, मग दाबा.

झोर्की-४ चा वेग शटर ताणल्यावरच बदला. आधी बदलला तर आतली पिन मोडते.

पहिला रोल आणि ताणाचा स्क्रू

पहिल्या रोलच्या प्रत्येक फ्रेमचा वेग आणि ॲपर्चर वहीत लिहा. लिहून ठेवलं नाही तर रोल वाया. प्रत्येक फोटोत एकाच कडेला प्रकाशाची पट्टी असेल तर फोम बघा. फ्रेम एकमेकींवर चढत असतील तर फिल्म पुढे ओढणारा भाग बघा. पेंटॅक्स के१००० सारख्या कापडी पडद्याच्या कॅमेऱ्यात १/१००० ला फोटोची एक बाजू काळी येत असेल, तर मागून येऊन मिटवणारा दुसरा पडदा उघडणाऱ्या पहिल्याला गाठतोय.

इथे घाईचा माणूस तळपट्टी काढतो आणि पडद्याच्या ताणाचा स्क्रू पिळतो. एका रोलपुरता फोटो उजळतो. प्रत्यक्षात पडद्याच्या रुळांतलं वंगण सुकलेलं असतं, आणि वाढवलेल्या ताणामुळे जुनी स्प्रिंग आणि कापड दोन्हीवर भार येतो. आधी रुळांच्या टोकांना सुईच्या अग्राने नॅफ्था देऊन टिपा, पन्नासेक वेळा खटका दाबा, वाळल्यावर घड्याळाच्या तेलाचा सुईच्या टोकाएवढाच थेंब द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. यानेही फरक पडला नाही तरच त्या स्क्रूकडे जा. त्याची आत्ताची जागा आधी पट्टीवर खरडून ठेवा, आणि एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका.