क्रँक सेन्सरचा कोड आला की होणाऱ्या या चुका टाळा

स्कॅनरवर पी०३३५ (क्रँकशाफ्टची गती आणि जागा इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगणाऱ्या क्रँक सेन्सरचा कोड) दिसला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "क्रँक सेन्सर गेलाय, नवा मागवा." या घाईपायी चांगले सेन्सर भंगारात जातात आणि गाडी तीच तक्रार घेऊन पुन्हा दारात उभी राहते. हा कोड फक्त एवढंच सांगतो की क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे. सर्किटमध्ये सेन्सर आला, तसाच कपलर (वायर जोडायचा प्लग) आला, वायर आली, अर्थिंग आलं आणि ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरही आला.

एक गाडी आमच्याकडे आली तेव्हा तिचा सेन्सर दुसरीकडे आधीच दोनदा बदलून झाला होता. इंजिन तापलं की बंद पडायचं, थंड झालं की चालू व्हायचं. हे लक्षण सेन्सरच्या आतली वाइंडिंग तापून तुटल्याचंही असतं, त्यामुळे संशय सेन्सरवर जाणं साहजिक होतं. पण मालकांना नीट विचारलं तेव्हा कळलं, खड्ड्यात आदळली तरी गाडी बंद पडते. हा प्रश्न आधी कोणी विचारलाच नव्हता. इंजिन चालू ठेवून स्कॅनरवर आरपीएम लावला आणि बेल्ट-पंख्यापासून हात लांब ठेवत हार्नेस (वायरींचा जुडगा) थोडा थोडा हलवत गेलो. एका जागी आरपीएम शून्य झाला आणि इंजिन गप्प. टेप सोडली तर क्लिप तुटून हार्नेस एक्झॉस्टच्या पत्र्यावर टेकलेला, इन्सुलेशन वितळलेलं, तांबं उघडं पडून पत्र्याला घासत होतं. वायर सोल्डर केली, श्रिंक ट्यूब चढवली, नवी क्लिप लावून हार्नेस पत्र्यापासून दूर बांधला. सेन्सर तोच ठेवला, कोड परत आला नाही.

म्हणून माझी सवय अशी: आधी डोळे, मग हात, मग मीटर. नवा पार्ट सगळ्यात शेवटी.

आल्या आल्या कोड पुसून टाकू नका. फ्रीझ फ्रेममध्ये, म्हणजे कोड पडला त्या क्षणाच्या नोंदीत, कोड कुठल्या आरपीएमला आणि किती तापमानाला पडला ते लिहिलेलं असतं. पुसलात की हातातला पुरावा गेला.

दुसरी चूक मला सर्वांत जास्त खटकते. शिकाऊ मुलं कुठल्याही सेन्सरला ओहम मीटर लावतात. दोन तारांचा सेन्सर बहुधा कॉइलचा असतो. त्याचा रेझिस्टन्स मोजता येतो, पण आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या, ऐकीव नको. तीन तारांचा बहुतेक वेळा हॉल इफेक्टचा असतो. आत इलेक्ट्रॉनिक सर्किट आहे, त्याला ओहम लावून काही कळत नाही, उलट इजा होऊ शकते. त्याला इग्निशन ऑन करून सप्लाय आणि अर्थ तपासा, मग स्टार्टर फिरवून सिग्नल बघा. (तीन तारा म्हणजे हॉलच असंही नाही, काही कॉइलवाल्या सेन्सरला तिसरी तार शील्डची असते. वायरिंग डायग्राम बघायला आळस करू नका.) कॉइलवाल्याचा रेझिस्टन्स बरोबर आला म्हणजे तो पास झाला असंही समजू नका, स्टार्टर फिरताना एसी व्होल्टेज येतंय का ते पाहा. ऑसिलोस्कोप (सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) असेल तर तोच लावा. सेन्सरसमोर फिरणाऱ्या दातेरी रिंगचा एखादा दात तुटला असेल तर मल्टिमीटरवर ते कधीच दिसणार नाही.

कपलरच्या समोरून जाड पिन खुपसून मोजमाप करू नका. टर्मिनल पसरतं, आणि नसलेला लूज कॉन्टॅक्ट तुम्हीच तयार करता. मागच्या बाजूने बारीक पिन घाला.

बॅटरी कमजोर असेल तर इंजिन हळू फिरतं आणि कॉइलवाल्या सेन्सरचा सिग्नल दुबळा येतो. आधी बॅटरी बघा.

सेन्सर काढलात तर टोकाला चिकटलेला लोखंडी कीस पुसा आणि तो कुठून आला याचा विचार करा.

पी०३३६ असेल तर सिग्नल येतोय पण त्यात गोंधळ आहे. तिथे दातेरी रिंग, तिचं वाकणं आणि सेन्सरचं अंतर आधी तपासा. क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम नुकतंच झालं असेल तर मी थेट रिंगकडेच जातो.

सोबत पी००१६ (क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नसल्याचा कोड) असेल तर सेन्सर सोडा, टायमिंग चेन किंवा बेल्ट बघा.

सेन्सर खरंच गेला असेल तर चांगल्या दर्जाचाच घ्या, आणि बसवल्यावर त्या गाडीला क्रँक रीलर्न (स्कॅनरने ईसीयूला सेन्सरचा सिग्नल पुन्हा शिकवणं) लागतं का ते मॅन्युअलमध्ये पाहूनच चावी मालकांच्या हातात द्या.