मुळाचं टोक आणि पानाची साल: सूक्ष्मदर्शकाच्या मदतीने फुलझाड कसं ओळखावं

चैत्र-वैशाखात जोतिबाच्या डोंगराकडे जाताना उघड्या माळावर कधी कधी एक बारीक दांडा उभा दिसतो. पान एकही नाही, वर मळकट रंगाची छोटी फुलं. हा रानकांदा. पावसाळ्यात त्याच जागी जा, फूल कधीच गळून गेलेलं असतं आणि जमिनीवर नुसती पानं पसरलेली असतात. फूल आणि पान एका वेळी हाती लागत नाही, आणि त्याचे भाऊबंद दिसायलाही त्याच्यासारखेच. अशा झाडापुढे साध्या डोळ्यांचं काम थांबतं आणि मुळाच्या टोकाचं काम सुरू होतं, कारण तिथल्या विभागणाऱ्या पेशींत गुणसूत्रं मोजता येतात.

रानकांद्याच्या गुणसूत्रांचा मूळ संच १० चा. कुठल्या झाडाच्या पेशीत २०, कुठल्या ३०, तर कुठल्या ४० सापडतात. ३० वालं झाड त्रिगुणित. त्याची गुणसूत्रं परागकण आणि बीजांड तयार होताना समसमान वाटली जात नाहीत, म्हणून त्याला बी धरणं अवघड जातं आणि वंश चालतो तो मुख्यतः कांद्यावर. बाहेरून हे काहीच दिसत नाही.

शास्त्र शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी, शिक्षकांसाठी आणि झाडांचा नाद असलेल्या कुणासाठीही ही पद्धत लिहितो आहे. पानाचं बहुतेक काम घरी होतं. गुणसूत्रांसाठी मात्र कॉलेजची प्रयोगशाळा लागते, कारण त्यात आम्लं आहेत.

आधी झाडाला क्रमांक द्या

हे मी चूक करून शिकलो. विद्यार्थी असताना पावसाळ्यात डोंगरउतारावरून रानकांद्याचे तीन कांदे आणले. दोघांत २० गुणसूत्रं मिळाली, तिसऱ्यात ३०. आनंदाने सरांकडे गेलो. त्यांनी एकच विचारलं, "यातला ३० वाला कुठला?" कुंड्यांवरच्या चिठ्ठ्या मी बॉलपेनने लिहिल्या होत्या आणि दोन पावसांत शाई धुऊन गेली होती. फुललेला नमुना एकही दाबून ठेवला नव्हता. तीन महिन्यांची मोजणी कुठल्या झाडाची हेच सांगता येईना, ती वाया गेली.

म्हणून चिठ्ठी शिसपेन्सिलने लिहायची. झाड हातात घेतल्याबरोबर क्रमांक, तारीख, जागा, उंची, फुलाचा रंग आणि आजूबाजूला काय उगवलं होतं, हे सगळं टिपायचं. तोच क्रमांक कुंडीला, बाटलीला, स्लाइडला आणि दाबून वाळवलेल्या नमुन्याला. झाडाला फूल नसेल तर ते कुंडीत सांभाळा आणि फुलेपर्यंत थांबा.

कंदीलपुष्पासारख्या दुर्मिळ झाडाचा कंद उपटू नका. चार बिया मिळाल्या तर ओल्या टिपकागदावर रुजवा, त्यांच्या कोवळ्या मुळांवर काम भागतं. राधानगरीसारख्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही तोडायचं नाही.

पानापासून सुरुवात करा

गुणसूत्रांची घाई नको. पानाच्या सालीत इतकं काही असतं की झाडाचं कुल निम्मं तिथेच ठरतं.

पानाच्या खालच्या बाजूला बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ हात द्या. दहा-पंधरा मिनिटांत तो वाळतो. त्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून अलगद उचला आणि ती स्लाइडवर चिकटवा. पर्णरंध्रांचा ठसा सोबत येतो. पान लवदार असेल तर ठसा उमटत नाही, मग पान तिरकं फाडून कडेची पातळ साल घ्यावी आणि सॅफ्रानिन या लाल रंगाच्या थेंबात ठेवावी.

आता रंध्राच्या दोन रक्षक पेशी सोडा आणि त्यांच्या शेजारच्या पेशी बघा. मोहरीत तीन शेजारी असतात, त्यांतला एक इतर दोघांपेक्षा लहान. इक्झोऱ्यात दोन शेजारी रंध्राला समांतर झोपलेले. अडुळशात दोनच, पण आडवे, रंध्राच्या दोन टोकांना. मोरवेलीत शेजारी असे वेगळे दिसतच नाहीत, बाकीच्या सालीसारख्याच पेशी भोवती असतात. मेटकाफ आणि चॉक या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५० मध्ये या प्रकारांना दिलेली नावं आजही चालतात. गवतांची तऱ्हा निराळी. उसाचं किंवा हराळीचं पान घ्या, रक्षक पेशी डमरूसारख्या दिसतील, मधे बारीक आणि टोकांना फुगलेल्या.

पण एका लक्षणावर शिक्का मारू नका. तुळशीची रंध्रंही अडुळशासारखीच असतात. दोघांची कुलं वेगळी आहेत हे कसं कळायचं? अडुळशाच्या पानाचा तुकडा गरम स्पिरिटमध्ये रंग उतरेपर्यंत ठेवा आणि पाण्याच्या थेंबात बघा. आत लांबट, चकाकणारे खडे दिसतात, ते कॅल्शियम कार्बोनेटचे. कव्हरस्लिपच्या कडेने पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब सोडलात की खडे विरघळतात आणि बुडबुडे उठतात. तुळशीत हे खडे नाहीत. तिच्या पानावर सुगंधी तेलाच्या ग्रंथी असतात. अडुळशाच्या कुलात, म्हणजे कोरांटी-अबोलीच्या गणगोतात, हे खडे मोठी खूण मानतात.

अळूचा देठ ब्लेडने आडवा कापून पाण्याच्या थेंबात ठेवा. सुयांच्या जुड्या दिसतील. कॅल्शियम ऑक्झलेटच्या याच सुया घशाला खाजवतात, म्हणून तर अळूच्या भाजीत चिंच पडते. अळू-सुरणाच्या कुलात या जुड्या घरोघरी सापडतात. खडे आम्लात विरतात हे मात्र विसरू नका. ज्या तुकड्यात खडे बघायचे तो आम्ल असलेल्या रंगात बुडवायचा नाही.

परागकणांसाठी जास्वंद घ्या. तिचा कण इतका मोठा असतो की कमी शक्तीच्या भिंगाखालीही काट्यांचा गोळा स्वच्छ दिसतो. भेंडी आणि कापूसही याच कुळीचे, काटे तिथेही आहेत. बाभळीत बहुधा सोळा कण एकत्र चिकटून येतात. रुईचे कण तर सुटे होतच नाहीत, थैलीच्या थैली उचलली जाते.

मुळाचं टोक

रानातल्या झाडाला हात लावण्याआधी बाजारातल्या कांद्यावर हात बसवा. कांद्यात १६ गुणसूत्रं असतात. तुमच्या स्लाइडवर १६ स्वच्छ मोजता येईपर्यंत पुढे जाऊ नका. त्यानंतर घरची कोरफड घ्या. तिच्यात १४, त्यांतली ८ लांब आणि ६ आखूड, आणि हा फरक नवख्यालाही पहिल्याच नजरेत कळतो.

कांद्याची सुकलेली मुळं खरवडून तळ पाण्याला टेकेल असा तो पेल्यावर ठेवा. दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं फुटतात. सकाळी, मुळं दोनेक सेंटिमीटर झाली की टोकं कापून घ्या. विभाजन शेवटच्या एक-दोन मिलिमीटरमध्येच चालतं, त्यामुळे जास्त मूळ घेऊन उपयोग नाही.

टोकं ०.००२ मोलर ८-हायड्रॉक्सिक्विनोलिनमध्ये थंड जागी तीन-चार तास ठेवा. यामुळे विभाजन मधल्या अवस्थेत थांबतं, गुणसूत्रं आखडतात आणि एकमेकांपासून सुटतात. हेच काम कॉल्चिसीनही करतं. ते आपल्याकडच्या कळलावीतही असतं आणि जालीम विष आहे. शिकाऊ माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

पुढची पायरी म्हणजे पेशी होत्या तशा गोठवणं. तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्ल असं द्रावण दर वेळी ताजं करा. टोकं त्यात चोवीस तास, नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये, फ्रीजमध्ये. या आम्लाने कातडी भाजते. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.

मग रंग. दोन टक्के अ‍ॅसिटो-ऑर्सिनचे नऊ थेंब आणि एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब वॉच ग्लासमध्ये घ्या, त्यात टोक टाका आणि स्पिरिटच्या दिव्यावर नुसतं कोमट करा. उकळी येता कामा नये. थोड्या वेळाने टोकाचा शेंडा गडद लाल दिसतो, बाकीचं मूळ फिकट राहतं. तो गडद शेंडाच कापून स्लाइडवर घ्या, उरलेलं फेकून द्या. वर ४५ टक्के अ‍ॅसेटिक आम्लाचा थेंब आणि कव्हरस्लिप.

इथे खरी कसोटी असते. सुईच्या मागच्या टोकाने कव्हरस्लिपवर हलके ठोके द्या, शेंडा ढगासारखा पसरेल. मग स्लाइड टिपकागदाच्या घडीत धरा आणि अंगठा सरळ खाली दाबा. अंगठा तसूभर सरकला तरी पेशी गुंडाळल्या जातात आणि स्लाइड गेली. माझ्या पहिल्या वीसेक स्लाइड अशाच गेल्या. दाब चांगला दमदार द्यायचा, पण हात हलू द्यायचा नाही.

१० च्या भिंगाने विभाजनातल्या पेशी शोधा, मग तेलाच्या १०० च्या भिंगाखाली मोजा. एका पेशीवरून आकडा जाहीर करू नका. दोन-तीन मुळांतल्या निदान दहा-पंधरा स्वच्छ पेशी मोजा. फुटलेल्या पेशीतून एखादं गुणसूत्र निसटतं आणि आकडा एकाने कमी येतो.

आकड्यावर न थांबता आकारही मोजा. गुणसूत्राला जिथे चिमटा बसल्यासारखा दिसतो तिथून लांब बाहू आणि आखूड बाहू मोजून भागाकार करा. १९६४ मध्ये लेवान आणि सहकाऱ्यांनी घालून दिलेल्या मापाप्रमाणे १.७ पर्यंत आलं तर चिमटा मध्यावर, १.७ ते ३ आलं तर मध्याजवळ, त्याहून जास्त आलं तर टोकाकडे.

सगळं एकत्र वाचा

बांधावरची घायपात आणि बागेतला युक्का यांची गोष्ट मला फार मोलाची वाटते. युक्काचा किंजपुट (फुलातला बिया धरणारा भाग) ऊर्ध्वस्थ, म्हणजे पाकळ्यांच्या वर, घायपातीचा अधःस्थ, म्हणजे खाली. एवढ्या फरकावर जुन्या वर्गीकरणात एकाला लिलीच्या कुलात आणि दुसरीला नरगिसाच्या कुलात बसवलं होतं. १९३३ मध्ये मॅकेल्वी आणि सॅक्स यांनी गुणसूत्रं पाहिली, तर दोघांचा मूळ संच सारखाच निघाला. ३० गुणसूत्रं, त्यांत ५ मोठी आणि २५ बारीक. असा जुळून येणारा नमुना योगायोगाने पडत नाही. पुढे डीएनएने तेच सांगितलं, आणि आज ही दोन्ही झाडं एकाच कुलात आहेत.

आपल्या उसाने उलट बाजू दाखवली. जाड, गोड जातीच्या उसात ८० गुणसूत्रं, रानटी कांसात ४० पासून १२८ पर्यंत काहीही. दोघांच्या संकरातून कोइमतूरला ज्या जाती निघाल्या त्यांच्याच परंपरेतला आपला को ८६०३२. आजच्या लागवडीच्या उसात शंभराहून जास्त गुणसूत्रं असतात. उसाच्या या गुणसूत्रांवर कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनी काम केलं, आणि १९४५ मध्ये डार्लिंग्टन यांच्याबरोबर लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांची मोठी सूची प्रसिद्ध केली. म्हणून एकाच जातीच्या दोन झाडांत वेगळा आकडा आला की लगेच नवी जात जाहीर करू नये. आधी फूल, रंध्रं, पराग आणि आकडा शेजारी शेजारी मांडून बघा. चारांपैकी तीन एका बाजूला झुकत असतील तर त्या बाजूने शोधा, आणि शंका असेल तर वाळवलेला नमुना विद्यापीठाच्या हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहातल्या, नमुन्यांशी ताडून पाहा.

मी आता रानकांद्याचे कांदे कुंडीत लावतो तेव्हा चिठ्ठी पेन्सिलची असते आणि दुसरी तशीच चिठ्ठी प्लास्टिकच्या तुकड्यात घालून मातीत पुरलेली. पावसाळ्यात मुळं घेऊन मोजणी होते. नमुन्याच्या कागदावर आकडा, मोजलेल्या पेशींची संख्या आणि स्लाइडचा क्रमांक लिहितो, जातीच्या नावाची ओळ कोरी सोडतो. चैत्रात दांडा वर आला, पहिलं फूल उमललं की ते त्याच कागदावर दाबायचं, आणि ती ओळ त्या दिवशी भरायची.