पार्किन्सनमध्ये आवाज बसला? या चुका टाळा

पहिली चूक घशावर इलाज करण्याची. मी बेळगावात वाचा-उपचार (स्पीच थेरपी) करते. माझ्याकडे खानापूर, निपाणी, चिक्कोडीहून घरचे लोक रुग्णाला घेऊन येतात, तोवर हळदीचं दूध, ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या सगळं झालेलं असतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरतंतू एकदा तपासून घ्यावेतच. पण पार्किन्सनमध्ये बहुतेकदा घसा ठीक असतो. मेंदूतलं डोपामिन हे रसायन कमी पडल्यानं श्वास, स्वरतंतू, जीभ, ओठ यांच्या हालचाली आखडतात. शिवाय आपण किती मोठ्यानं बोलतोय, याचा रुग्णाचा अंदाजच चुकतो. माझ्या मते खरा घोळ इथंच आहे.

खानापूरकडचे एक शेतकरी काका आले होते. बोलणं ओठांतल्या ओठांत. तक्रार मात्र बायकोची: "ही बहिरी झाल्या. मी ओरडायलोय की!" घरच्यांनी काकूंसाठी श्रवणयंत्रसुद्धा घेतलेलं. ते लावलं की भांड्यांचा आवाज डोक्यात जायचा, काकांचं बोलणं काही कळायचं नाही. काकूंचे कान तपासले तर वयाच्या मानानं चांगले. मग काकांना पेरणीबद्दल विचारलं, बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं आणि त्यांनाच ऐकवलं. काका गप्प झाले. "एवढा बारीक?" म्हणाले. त्यानंतर मी एकच सूचना देत राहिले, "मोठ्यानं." त्यांना वाटे आपण भांडतोय. रेकॉर्डिंगमध्ये तो साधा, ओसरीवरच्या गप्पांचा आवाज असे. हे अंतर स्वतःच्या कानांनी पटल्याशिवाय कुठलाही व्यायाम टिकत नाही, म्हणून मी पहिल्याच दिवशी रेकॉर्डिंग करते. "स्पष्ट बोला, सावकाश बोला, श्वास घ्या" अशा दहा सूचना एकदम देऊ नका. आवाज मोठा झाला की उच्चारही बऱ्याचदा आपोआप सुधारतात.

दुसरी चूक घाईची, आणि तिचा मला मनापासून राग येतो. "मॅडम, व्हिडिओ पाठवा, घरीच करून घेतो." मोठ्यानं बोलण्याचा सराव करून घेणारी एलएसव्हीटी लाऊड ही पद्धत अमेरिकेत 1987 च्या सुमारास सुरू झाली, ली सिल्व्हरमन या पार्किन्सनच्या रुग्ण बाईंचं नाव तिला दिलंय. आठवड्याला चार दिवस, रोज एक तास, असे चार आठवडे. शिवाय घरचा सराव. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत ती तिथल्या नेहमीच्या वाचा-उपचारापेक्षा सरस ठरली. या सोळा बैठका सोळा का, असं विचारू नका. चार केल्या आणि "फरक नाही" म्हणून सोडलं, तर फरक दिसणार कुठून? रोज बेळगाव गाठणं जमत नसेल तर प्रशिक्षित थेरपिस्टबरोबर व्हिडिओ कॉलवर करा, तेही चालतं. नुसता व्हिडिओ बघून चालत नाही, कारण आवाज पडला की "मोठ्यानं" म्हणायला समोर कुणी नसतं.

सरावाची वाक्यं छापील कागदावरची नकोत. लांब "आऽऽ" दणक्यात लावणारे लोक चहा मागताना कुजबुजतात. रोज तोंडात येणारी दहा वाक्यं मी रुग्णाकडूनच काढून घेते: "चहा टाक की", "गोळी दिलीस काय?", "बस गेली काय?" बाजारात कन्नड बोलणाऱ्यानं "एष्टु री?" (किती हो?) सुद्धा मोठ्यानं म्हणावं.

टीव्ही चालू ठेवून बोलायला लावू नका. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. हे प्रेमानं होतं, पण माणूस बोलायचाच थांबतो. बोलणं घाईघाईत एकात एक मिसळत असेल तर शब्दागणिक बोटानं मांडीवर ठोका द्यायला सांगा.

पार्किन्सनवरच्या लेव्होडोपा या औषधाच्या गोळीनं हातपाय जेवढे सुटतात तेवढा आवाज सुटेलच असं नाही, म्हणून आवाजासाठी स्वतःहून डोस वाढवू नका. गोळी शक्यतो जेवणाआधी अर्धा तास, दुधाबरोबर नको. सराव तिचा असर असताना करा. मेंदूत तारा बसवण्याच्या शस्त्रक्रियेनं आवाज परत येईल ही आशाही नको. काहींचं बोलणं त्यानंतर बिघडतं.

पाणी पिताना ठसका लागतो, जेवल्यावर आवाज ओला, घरघरता येतो, तरी "वयानं होतंय" म्हणून लोक महिने काढतात. अन्नपाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. तेव्हा आवाजाचं नंतर बघू, आधी गिळण्याची तपासणी करून घ्या, आणि तोवर सरळ बसवून, छोट्या घोटांनी, टीव्ही बंद करून भरवा.